केंद्र चार तास लांब, वर्ष मात्र घरीच काढायचंय

पत्र: माझे मिस्टर ४२ वर्षांचे आहेत. पंधरा वर्षांपासून पितात. आता रोज कडक दारूची अर्धी बाटली लागते आणि सकाळी हात थरथरतात म्हणून पहिला पेग उठल्या उठल्याच होतो. दोन वर्षांपूर्वी त्यांनी स्वतःहून एकदम सोडली, तर दुसऱ्या दिवशी फिट आली. गेल्या वर्षी चार तासांवरच्या एका केंद्रात महिनाभर ठेवलं. घरी आल्यावर बाराव्या दिवशी पुन्हा सुरू. धाकट्या दिराला अपघातानंतर दुखण्यासाठी ट्रामाडॉलच्या गोळ्या दिल्या होत्या, तो आता दिवसाला दहा-बारा खातो. आमचं गाव लहान आहे. एक दवाखाना, एक छोटं रुग्णालय आणि सगळे सगळ्यांना ओळखणारे. सासूबाई म्हणतात, या वेळी सहा महिने ठेवून येऊ. कोणी तरी जेवणात कळू न देता मिसळायचं औषधही सुचवलंय. काय करू?

ताई,

आधी आजच्या रात्रीचं. घरातली बाटली मोरीत ओतून देऊ नका. रागाच्या भरात बऱ्याच घरांत हेच होतं, आणि दारू तुटल्यावर ज्याला एकदा फिट येऊन गेली आहे त्याच्यासाठी यासारखा धोका नाही. डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत त्यांनी एकदम थांबवू नये. हे वाक्य लिहायला आम्हालाही बरं वाटत नाही, पण बिनदेखरेखीचे दोन कोरडे दिवस हे दोन दिवसांच्या पिण्याहून जास्त घातक ठरू शकतात.

कारण असं आहे. दारू मेंदूला दाबून ठेवते. रोज दाब पडत राहिला की मेंदू तोल सांभाळायला आपली उत्तेजना वाढवून ठेवतो. दारू एकदम काढली की दाब जातो आणि वाढलेली उत्तेजना तेवढी मागे राहते. शेवटच्या पेगनंतर ६ ते ८ तासांत थरथर, घाम, मळमळ आणि छातीत धडधड सुरू होते. तुमच्या मिस्टरांची सकाळची थरथर म्हणजे हीच, रात्रभराच्या खंडानंतरची. फिट येते ती साधारण ६ ते ४८ तासांत. ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: माणूस ओळखत नाही, अंगावर किडे चालल्यासारखं वाटतं, ताप चढतो, नाडी धावते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न झाल्यास यात माणूस दगावू शकतो. शिवाय प्रत्येक वेळी सोडून पुन्हा धरलं की पुढचा त्रास आधीपेक्षा जोराचा होत जातो. म्हणून 'मागे तर निभावलं होतं' हा हिशेब इथे चालत नाही.

मधल्या दिवसांत फिट आलीच तर त्यांना कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, घड्याळ पाहा. एकदाही फिट आली तरी रुग्णालय गाठायचंच. पाच मिनिटांत थांबली नाही किंवा लगेच दुसरी आली, तर रुग्णवाहिकेला फोन करताना हेच सांगा.

आता तुमचा खरा प्रश्न: पुन्हा तिकडे, तेही सहा महिने? आमचं मत असं की या वेळी क्रम उलटा करा. दारू सोडवण्याचे दोन वेगळे टप्पे असतात. पहिला ५ ते ७ दिवसांचा, शरीरातून दारू सुरक्षितपणे काढण्याचा. दुसरा निदान वर्षभराचा, पुन्हा न धरण्याचा. पहिल्याला चोवीस तास नर्स, औषधं आणि एक अनुभवी डॉक्टर लागतो. दुसऱ्याला माणूस जिथे राहतो तीच जागा लागते, कारण जुने मित्र, पगाराचा दिवस आणि घरातली भांडणं तिथेच असतात. गेल्या वर्षी तुम्ही पहिला टप्पा लांबच लांब केला आणि दुसरा केलाच नाही. केंद्रातून निघताना पुढची तारीख दिली होती का? तलफ कमी करणारी गोळी सुरू करून दिली होती का? पत्रात दोन्हींचा उल्लेख नाही. तसं असेल तर बाराव्या दिवसाचा दोष त्यांच्या इच्छाशक्तीवर टाकू नका. बीपीच्या रुग्णाला महिनाभर दाखल करून नंतर गोळ्या बंद केल्या असत्या, तरी हेच झालं असतं.

पहिला टप्पा तुमच्या गावातल्या छोट्या रुग्णालयात होऊ शकतो का, हे आधी विचारा. त्यावर 'व्यसनमुक्ती' अशी पाटी असायची गरज नाही. रात्री नर्स जागी असते का, फिजिशियन बोलावल्यावर लगेच येतो का, फिट थांबवायचं इंजेक्शन आणि ऑक्सिजन आहे का, आणि त्यांनी आधी दारूच्या विथड्रॉवलचे, म्हणजे दारू थांबवल्यावर होणाऱ्या त्रासाचे, रुग्ण सांभाळलेत का, एवढं कळलं की पुरे. उत्तरं होकारार्थी असतील तर तिथेच. एकही नकार आला तर या पाच-सात दिवसांसाठी मोठ्या रुग्णालयात न्या. घरी राहून, रोज डॉक्टरांना दाखवून दारू सोडवण्याची पद्धतही आहे आणि अनेकांसाठी ती उत्तम चालते. पण त्यासाठी पूर्वी फिट किंवा भ्रम झालेला नसावा, दुसरा मोठा आजार नसावा आणि घरात न पिणारा एक मोठा माणूस सतत हवा. तुमचे मिस्टर पहिल्याच अटीला अडकतात. त्यांच्यासाठी घरचा पर्याय बाद.

दाखल केल्यावर काय व्हायला हवं ते तुम्हाला माहीत असू द्या. क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम हे मेंदूची उत्तेजना शांत करणारं औषध पुरेशा मोठ्या मात्रेत सुरू होतं आणि ५ ते ७ दिवसांत रोज कमी करत बंद होतं. यकृत खराब असेल तर लोराझेपाम. मात्रा अंदाजाने ठरत नाही. नर्स त्यांना दोन्ही हात पुढे करून बोटं फाकवायला सांगेल, थरथर बघेल, तळहाताचा घाम पाहील, आज वार कोणता, आपण कुठे आहोत हे विचारेल. अशा दहा बाबींना गुण देण्याची एक पट्टी आहे, सीवा नावाची, एकूण ६७ गुणांची. ८ च्या आत गुण म्हणजे त्रास सौम्य, १५ च्या वर गेले की सावध. पहिले दोन-तीन दिवस हे दर काही तासांनी व्हायला हवं. दिवसातून एकदा डॉक्टर डोकावून गेले आणि 'झोपलाय, बरा आहे' म्हणाले, एवढ्यावर समाधान मानू नका. याच गोळ्या दुकानातून आणून घरी द्यायचा मोह मात्र टाळा. दारूवर पडल्या तर त्या श्वास थांबवू शकतात.

दुसरी गोष्ट थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. वर्षानुवर्षं पिणाऱ्यांच्या शरीरात ते संपत आलेलं असतं आणि तोंडाने घेतलेलं त्यांच्या आतड्यात नीट शोषलं जात नाही. म्हणून सुरुवातीचे काही दिवस इंजेक्शन, मग गोळ्या. लहान दवाखान्यांत इथेच चूक होते. अशक्त माणूस दिसला की आधी ग्लुकोजचं सलाईन लावलं जातं. साखर वापरताना शरीर उरलंसुरलं थायमिनही खर्च करून टाकतं आणि वेर्निक नावाचा मेंदूविकार उफाळू शकतो: चाल लडबडते, डोळ्यांच्या हालचाली बिघडतात, माणूस गोंधळतो. वेळेत सावरलं नाही तर स्मृती कायमची जाते. तेव्हा सलाईन लावताना 'थायमिन दिलं का?' हा प्रश्न बिनदिक्कत विचारा. डॉक्टरांना राग आला तर येऊ द्या.

जेवणात मिसळायचं औषध. हे बहुतेक डायसल्फिराम असतं किंवा ते आहे असं सांगून विकलेली भुकटी. डायसल्फिराम शरीरात दारूचं विघटन अर्ध्यावर अडवतं, ॲसिटाल्डिहाइड नावाचं विषारी द्रव्य साचतं, चेहरा लाल होतो, उलट्या, धाप, छातीत दुखणं, रक्तदाब कोसळणं असं सगळं होतं. माहीत असलेल्या माणसाला हे भान आवर घालतं. न कळलेला माणूस मात्र नेहमीची अर्धी बाटली पितो आणि थेट आयसीयूत पोहोचतो. कळू न देता देणं हा उपचार नाही, विषप्रयोग आहे. सासूबाईंना याच शब्दांत सांगा.

उघडपणे, रुग्णाच्या संमतीने डायसल्फिराम चांगलं काम करतं, विशेषतः गोळी रोज कोणासमोर तरी घेतली जात असेल तर. शेवटच्या पेगनंतर निदान १२ तास गेल्याशिवाय ते सुरू करत नाहीत. नेहमीची मात्रा दिवसाला २५० मिलिग्रॅम. गोळी बंद केल्यावरही साधारण १४ दिवस दारू चालत नाही, आणि दारू म्हणजे फक्त बाटलीतली नाही: खोकल्याची काही औषधं आणि माउथवॉशही त्यात आले. हृदयविकार किंवा बिघडलेलं यकृत असेल तर हे औषध नको.

पण आमचा कल आधी दुसऱ्या दोन औषधांकडे आहे. नाल्ट्रेक्सोन, ५० मिलिग्रॅमची दिवसाला एक गोळी: पिण्यातली मजा आणि तलफ दोन्ही कमी करते, मध्येच प्यायल्यास डायसल्फिरामसारखी आपत्ती येत नाही. ॲकॅम्प्रोसेट, ३३३ मिलिग्रॅमच्या दोन-दोन गोळ्या दिवसातून तीनदा: दारू सुटल्यावर मेंदूची जी चुळबुळ आणि निद्रानाश उरतो तो शांत करते. पहिल्यासाठी यकृताची तपासणी, दुसऱ्यासाठी मूत्रपिंडाची. ही दोन्ही औषधं २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आली. ती लिहून द्यायला व्यसनमुक्ती केंद्र लागत नाही, तुमचे फिजिशियनही देऊ शकतात. त्यांना सवय नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाला एकदा प्रत्यक्ष भेटून पुढच्या भेटी फोनवर किंवा व्हिडिओवर करता येतात. निदान सहा महिने, शक्यतो वर्षभर. नाल्ट्रेक्सोनबाबत एक अट तुमच्या घराला थेट लागू आहे: ती चालू असताना ट्रामाडॉलसारखी गोळी चालत नाही. दिराच्या गोळ्यांपैकी एखादी मिस्टर झोपेसाठी घेतात का, हे आधी खात्रीने विचारा. शरीरात अफूच्या गटातलं औषध असताना नाल्ट्रेक्सोन पोटात गेली तर तासाभरातच भयंकर विथड्रॉवल सुरू होतो. त्या गोळ्यांविना ७ ते १० दिवस गेलेले असावे लागतात.

आता वर्षाचा आराखडा. पहिले तीन महिने सर्वांत नाजूक. पहिल्या महिन्यात दर आठवड्याला कोणाला तरी भेटायचंच: डॉक्टर, समुपदेशक, व्हिडिओवरचा तज्ज्ञ, कोणीही चालेल, पण वार आणि वेळ आधी ठरलेली हवी. रोजची गोळी तुम्ही देऊ नका. नवरा-बायकोत गोळी आली की तिचा पहारा होतो आणि पहाऱ्याचं भांडण होतं. गावातल्या औषधविक्रेत्याशी किंवा दवाखान्यातल्या नर्सशी बोलून सकाळी त्यांच्यासमोर गोळी घ्यायची व्यवस्था करा. लहान गावाचा हा फायदा आहे, शहरात असा ओळखीचा माणूस सहज मिळत नाही.

तलफ येते तेव्हा ती कधी संपणारच नाही असं वाटतं. प्रत्यक्षात लाट बहुधा १५ ते ३० मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा, पोटात काही घालायचं, जागा बदलायची, एका ठरलेल्या माणसाला फोन करायचा. तो माणूस आधीच निवडा, आणि तो पिणारा नसावा हे वेगळं सांगायला नको. झोप काही आठवडे वाईट राहील. झोपेची गोळी मागून घेऊ नका, एका सवयीच्या जागी दुसरी बसते. उदासी असेल तर तीन-चार आठवडे कोरडे गेल्यावरही ती टिकते का ते डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा ती दारूचीच असते आणि ओसरते. जगणं नको झाल्याची भाषा आली तर मात्र तीन-चार आठवडे वाट पाहायची नाही, त्याच दिवशी दाखवा.

अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडणाऱ्यांनीच एकमेकांना आधार देण्याची चळवळ, तिचा गट जवळ नसेल तर ऑनलाइन बैठका असतात. १९३५ मध्ये ही चळवळ सुरू झाली तीही दोन दारुड्यांच्या एकमेकांशी बोलण्यातूनच, त्यामुळे गावात दोघं-तिघं तयार असतील तर गट सुरू होऊ शकतो. सगळ्यांनाच ही पद्धत रुचते असं नाही. चार बैठका बघून ठरवू द्या. तुमच्यासारख्या घरच्यांसाठी ॲल-ॲनॉन वेगळं आहे, तिथे मिस्टरांच्या परवानगीशिवायही तुम्ही जाऊ शकता.

'लोक काय म्हणतील' हा प्रश्न तुम्ही अर्ध्या ओळीत उरकलाय, पण उपचार बुडतात ते बहुतेक त्यापायीच. डॉक्टरांना दिवसाची शेवटची वेळ मागा. दाखल झाल्याचं कारण पोटाचं दुखणं सांगितलंत तरी कोणाचं काही बिघडत नाही. रुग्णालयातल्या कर्मचाऱ्यांना मात्र खरं सांगा, कारण दारूचा इतिहास लपवून दुसऱ्याच कशासाठी दाखल केलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी भ्रम होतो तेव्हा कोणालाच काही उमजत नाही.

मध्ये एखाद्या दिवशी ते प्यायले तर? नाल्ट्रेक्सोन आणि ॲकॅम्प्रोसेट चालूच ठेवायचं, डायसल्फिराम असेल तर थांबवून लगेच डॉक्टरांना कळवायचं. २४ तासांच्या आत भेट घ्यायची. एक दिवसाचं पिणं आणि पुन्हा रोजचं पिणं यांच्यामध्ये काही दिवसांची फट असते, सगळं त्या फटीत करायचं असतं. भांडण नंतर करा.

लांबच्या केंद्राचं दार आम्ही बंद करत नाही. घरात पिणारी आणखी माणसं असतील, जोडीला तीव्र मानसिक आजार असेल, किंवा औषधांसकट केलेला नीट प्रयत्न दोन-तीनदा फसला असेल, तर दोन-तीन महिने निवासी राहण्याला अर्थ आहे. तेव्हा जाण्याआधी स्वतः बघून या. रात्री डॉक्टर असतो का? फिट आली तर कुठे नेता? तलफेची औषधं देता का, की 'आम्ही औषधाशिवाय सोडवतो' असा बाणा आहे? घरच्यांना भेटू देता का, फोन करू देता का? निघताना लेखी सारांश आणि पुढची तारीख मिळते का? कोंडून ठेवणं, मारहाण, बांधून ठेवणं याची नुसती कुणकुण लागली तरी परत फिरा. 'शंभर टक्के खात्री' असं सांगणाऱ्याकडूनही.

धाकट्या दिराचं गणित वेगळं आहे. दोघांना एकाच गाडीत घालून एकाच केंद्रात पाठवणं सोयीचं वाटेल, पण करू नका. ट्रामाडॉल अफूच्या गटातलं. ५० मिलिग्रॅमच्या दहा-बारा गोळ्या म्हणजे ५०० ते ६०० मिलिग्रॅम, आणि दिवसाची कमाल मर्यादा ४०० आहे. त्यावर गेलं की या गोळीने स्वतःच फिट येऊ शकते. तेव्हा त्याने आजपासून गोळ्या वाढवायच्या नाहीत आणि एकदम बंदही करायच्या नाहीत. एकदम सोडल्यास दिवसभरात नाक वाहणं, जांभया, जुलाब, हाडं मोडल्यासारखं दुखणं सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळस गाठतं आणि आठवडाभरात उतरतं. ट्रामाडॉल मेंदूतल्या सेरोटोनिन या रसायनावरही काम करते, म्हणून काहींना जोडीला घबराट आणि हातापायांत विचित्र झिणझिण्या येतात. डॉक्टरांच्या देखरेखीखाली काही आठवड्यांत थोडी थोडी कमी करत नेणं हा एक मार्ग. तो दोनदा फसला असेल तर ब्युप्रेनॉर्फिन, अफूच्याच गटातली पण तलफ थांबवायला देतात ती गोळी.

ब्युप्रेनॉर्फिन जिभेखाली ठेवायची, ५ ते १० मिनिटं विरघळू द्यायची. गिळली तर जवळपास वाया. पहिली गोळी त्रास सुरू झाल्यावरच द्यायची, शेवटच्या ट्रामाडॉलनंतर १२ ते २४ तासांनी. घाईने आधी दिली तर ती स्वतःच विथड्रॉवल घडवते, आणि 'या औषधाने मी मेलो असतो' म्हणत मुलगा कायमचा पळतो. ही गोळी महिनोन्महिने, गरज पडल्यास वर्षानुवर्षं घेतात. 'एक नशा सोडवून दुसरी लावली' असं घरात म्हटलं जाईल. पण योग्य मात्रेत ती चढत नाही, तलफ थांबवते आणि माणूस कामावर जातो. अपघाताचं दुखणं अजून असेल तर तेही या डॉक्टरांना सांगा, नाही तर मूळ कारण तसंच राहतं.

त्याच्या बाबतीत जीव जातो तो सोडताना नाही, सोडून पुन्हा धरताना. दोन-तीन आठवडे कोरडे गेले की शरीराची सवय मोडते, मात्र त्याला जुनी दहा-बाराचीच मात्रा आठवते. म्हणून घरात ठेवायला नॅलॉक्सोन, म्हणजे अफूच्या गटातल्या औषधाचा अतिडोस उतरवणारं औषध, मिळेल का हे डॉक्टरांना विचारा. श्वास मंद, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळे, हलवूनही जाग नाही, असं दिसलं की ते द्यायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची. नॅलॉक्सोनचा असर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, गोळ्यांचा त्याहून जास्त टिकतो. त्यामुळे तो उठून बसला तरी रुग्णालय चुकवायचं नाही.

उद्या सकाळी एका कागदावर हे लिहा: मिस्टर रोज किती मिली पितात आणि बाटलीवर किती टक्के लिहिलंय, शेवटचा पेग कधी, फिट कोणत्या तारखेला आणि सोडल्यावर किती तासांनी आली, सध्या चालू असलेली सगळी औषधं, दिराच्या गोळ्यांचं पाकीट. रुग्णालयाला फोन केलात की पहिलं वाक्य 'यांना सोडवायचंय' असं नको. 'मागे दारू थांबवल्यावर यांना फिट आली होती' असं म्हणा. त्याने समोरचा माणूस पुढच्या आठवड्याची तारीख न देता आजची खाट बघेल.